एकाच फेरीचे दोन विसर्ग: तळ सरकतोय की होकायंत्र चुकतंय?

पुरात होडीवरून एडीसीपी या ध्वनियंत्राने नदीचा विसर्ग मोजला आणि ती फाइल क्यूरेव्ह या तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. होडीच्या वेगाचा संदर्भ बॉटम ट्रॅक, म्हणजे नदीचा तळ, ठेवला तर विसर्ग, समजा, १,३५० क्युमेक (सेकंदाला घनमीटर) दिसतो. संदर्भ बदलून जीजीए, म्हणजे जीपीएसचा, केला की तोच १,४०४ होतो. होडी तीच, काठापासून काठापर्यंतची फेरी तीच, पाणीही तेच, आणि फरक ५४ क्युमेकचा, म्हणजे साधारण १,९०० क्युसेकचा. यातला खरा कोणता, हा प्रश्न दर पावसाळ्यात कुणी ना कुणी विचारतं. त्यावर सर्रास मिळणारं उत्तर असं: जो आकडा रेटिंग कर्व्हच्या (पाण्याच्या पातळीवरून विसर्ग सांगणाऱ्या आलेखाच्या) जवळ बसतो तो घ्या.

माझा विरोध या उत्तराला आहे. रेटिंग कर्व्ह बरोबर आहे की नाही हे तपासायलाच आपण पुरात होडी घालतो. कर्व्हला विचारूनच मोजणी निवडायची असेल तर माणसांचा जीव धोक्यात घालून पाण्यात उतरायचं कारण काय? २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर कृष्णाकाठच्या घराघरांत क्युसेकचे आकडे बोलले जाऊ लागले. धरणातून किती सोडायचं, खालच्या गावांना कधी हलवायचं, हे ज्या आकड्यांवर ठरतं ते सोयीने निवडलेले असू नयेत.

दोन संदर्भांत फरक पडायची कारणं मोजकी आहेत, आणि प्रत्येक कारण फाइलमध्ये आपली वेगळी खूण सोडतं. ती वाचता आली की निवड अंदाजाने करावी लागत नाही.

यंत्र वजाबाकी कशाची करतं

एडीसीपी पाण्यात ध्वनीचे स्पंद सोडतो. पाण्याबरोबर वाहणाऱ्या बारीक कणांवरून प्रतिध्वनी परत येतो आणि त्याच्या बदललेल्या वारंवारतेवरून वेग कळतो. पण होडी स्वतः चाललेली असते, त्यामुळे मिळतो तो होडीच्या सापेक्ष वेग. त्यातून होडीचा वेग काढून टाकला की पाण्याचा खरा वेग उरतो. सगळा घोळ या 'होडीच्या वेगा'त आहे, कारण तो मिळवायचे दोन मार्ग आहेत.

पहिला बॉटम ट्रॅक. यंत्र तळाकडे वेगळा स्पंद सोडतं आणि तळ आपल्याखालून किती वेगाने सरकतोय ते मोजतं. यात एक गृहीत आहे: तळ जागच्या जागी आहे. वाळूच्या पात्रात पूर आला की हे गृहीत मोडतं. वरचा वाळूचा थर प्रवाहाबरोबर सरकायला लागतो. कधी तळ स्थिरच असतो, पण तळालगत गाळ इतका दाट वाहतो की स्पंदाला तोच तळ वाटतो. स्टेशनात शेजारची गाडी निघाली की आपलीच गाडी मागे चालल्याचा भास होतो, तसं यंत्राला होडी प्रवाहाविरुद्ध वर चालल्यासारखी दिसते. तेवढा वेग पाण्याच्या वेगातून कमी होतो आणि विसर्ग कमी भरतो.

दुसरा मार्ग जीपीएसचा. जीजीएमध्ये एका क्षणाची जागा आणि पुढच्या क्षणाची जागा यांच्या फरकातून वेग निघतो. व्हीटीजीमध्ये उपग्रहांच्या संकेतातल्या डॉप्लर बदलातून वेग थेट मिळतो. तळ सरको वा न सरको, जीपीएसला त्याचं काही नाही. मात्र जीपीएसचा वेग उत्तर-पूर्व अशा पृथ्वीच्या दिशांत असतो आणि यंत्राने मोजलेला पाण्याचा वेग यंत्राच्या स्वतःच्या अक्षांत. दोन्ही जुळवायला यंत्राचं तोंड कुठे आहे हे माहीत लागतं, आणि ते होकायंत्र सांगतं. होकायंत्र चुकलं की जोड चुकतो.

बॉटम ट्रॅकला विसर्गासाठी होकायंत्र लागतच नाही. पाण्याचा वेग आणि होडीचा वेग दोन्ही त्याच यंत्राने त्याच अक्षांत मोजलेले असतात, त्यामुळे दिशा चुकली तरी दोन्ही सारखेच फिरतात आणि विसर्ग तोच राहतो. थोडक्यात, बॉटम ट्रॅकचा शत्रू सरकता तळ, आणि जीपीएस संदर्भाचे दोन शत्रू: बिघडलेलं होकायंत्र आणि अडलेलं आकाश. हे एवढं मनात पक्कं असलं की पुढचं सोपं आहे.

यंत्र पाण्यात किती बुडवलं याची चुकीची नोंद, पाण्याचं तापमान चुकणं, वरच्या-खालच्या न मोजलेल्या थरांसाठी घेतलेला घातांक (नेहमीचा १/६ म्हणजे ०.१६६७), काठाचा गुणक, ही सगळी तपासायची कारणं खरी, पण त्यांचा परिणाम दोन्ही संदर्भांवर जवळपास सारखाच होतो. दोन आकड्यांमधल्या फरकाचा शोध घेताना त्यांच्यामागे वेळ घालवू नका. चुकत असतील तर दोन्ही आकडे एकत्र चुकतील, आणि ती वेगळी तपासणी आहे.

पहिली खूण: फेऱ्यांची दिशा

सरासरी विसर्ग बाजूला ठेवा. प्रत्येक फेरीचा आकडा दिशेनुसार लिहा. डाव्या तीराकडून उजवीकडे जाणाऱ्या फेऱ्या एका रकान्यात, परतीच्या दुसऱ्यात, आणि प्रत्येकीसमोर बॉटम ट्रॅकचा व जीजीएचा विसर्ग. हे कागदावर केलं तरी चालतं, किंबहुना कागदावर केल्याने डोळ्यांत जास्त भरतं.

दोन्ही दिशांना बॉटम ट्रॅकचा विसर्ग जीजीएपेक्षा कमी असेल, आणि साधारण सारख्याच फरकाने, तर संशय सरकत्या तळावर.

बॉटम ट्रॅकचे आकडे दोन्ही दिशांना एकमेकांशी जुळतात, पण जीजीएचे एका दिशेला जास्त आणि दुसऱ्या दिशेला कमी येतात, तर होकायंत्रात सगळीकडे सारखी असलेली चूक आहे. बहुधा चुंबकीय विचलन (होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला कोन) चुकीचं भरलेलं असतं. महाराष्ट्रात हे विचलन १ अंशाहून कमी असल्याने ते शून्य राहिलं तरी फारसं बिघडत नाही. मात्र दुसरीकडची जुनी सेटिंग फाइल वापरली की त्यातला आकडा सोबत येतो. सिॲटलच्या परिसरात विचलन सुमारे १५ अंश पूर्व आहे. तिथे काम करणाऱ्या कुणाची फाइल नमुना म्हणून घेतली आणि हा रकाना बदलला नाही, तर काय होईल ते सांगायला नको.

बॉटम ट्रॅकचा विसर्ग दोन्ही दिशांना जीजीएपेक्षा जास्त येत असेल, तर तळ सरकतोय हे कारण बाद करा. सरकता तळ बॉटम ट्रॅकचा विसर्ग कमीच करतो, वाढवत नाही. इथे दोष होकायंत्राचा किंवा जीपीएसचा.

आता यातली अडचणीची जागा. लोखंडी होडी, इंजिन, अवजारांची पेटी, शेजारी ठेवलेला मोबाइल यांच्या चुंबकत्वामुळे होणारी चूक सगळ्या दिशांना सारखी नसते. तोंड पूर्वेला असताना होकायंत्र २ अंश पुढे दाखवेल तर पश्चिमेला असताना २ अंश मागे. होडीची दिशा उलटते, त्या चुकीचं अधिक-उणे चिन्हही उलटतं, आणि दोन उलट मिळून विसर्गावरचा परिणाम दोन्ही फेऱ्यांत एकाच बाजूला जातो. म्हणजे जीजीएच्या जाण्या-येण्याच्या फेऱ्या एकमेकींशी सुंदर जुळतील आणि तरीही दोन्ही चुकलेल्या असतील. 'दोन्हीकडच्या फेऱ्या घेतल्या की चूक वजा होते' हा आपल्याकडचा मोठा दिलासा इथे कामाला येत नाही. वरच्या तक्त्यात हे दृश्य सरकत्या तळासारखंच दिसू शकतं. म्हणून एवढ्या तक्त्यावर निकाल देऊ नका.

दुसरी खूण: दोन मार्गांमधला कोन

क्यूरेव्हच्या जीपीएस पानावर आणि विनरिव्हर टू या मोजणीच्या सॉफ्टवेअरमध्येही जीसी उणे बीसी असा एक आकडा मिळतो. जीपीएसने दाखवलेली होडीची दिशा वजा बॉटम ट्रॅकने दाखवलेली दिशा, अंशांत. सगळं ठीक असेल तर तो शून्याजवळ राहतो.

तळ सरकत असेल तर बॉटम ट्रॅकचा मार्ग नेहमी प्रवाहाच्या वरच्या बाजूला झुकतो. डावीकडून उजवीकडे जाताना हा आकडा उणे येतो आणि परतताना अधिक. नदी कुठल्या दिशेला वाहते याने फरक पडत नाही. चुंबकीय विचलन चुकलं असेल तर दोन्ही फेऱ्यांत चिन्ह एकच राहतं. इथपर्यंत छान वेगळं होतं. लोखंडाची चूक मात्र पुन्हा चिन्ह बदलून सरकत्या तळाचं सोंग घेऊ शकते.

ते सोंग उतरवायला एक सोपी युक्ती आहे आणि ती फार कमी लोक वापरतात: होडीचा वेग बदलून बघा. सरकत्या तळामुळे पडणारा कोन होडीच्या वेगावर अवलंबून असतो. तळ सेकंदाला ०.०६ मीटर सरकत असेल आणि होडी ०.६ मीटरने चालत असेल तर कोन जवळपास ६ अंश. होडी १.२ मीटरने नेली की तो ३ अंशांच्या आत येतो. होकायंत्राच्या चुकीला होडीच्या वेगाशी देणंघेणं नाही, ती २ अंश असेल तर सावकाश फेरीतही २ आणि वेगवान फेरीतही २. त्यामुळे एक फेरी संथ आणि एक थोडी वेगाने घेतलेली असेल तर फाइल स्वतःच उत्तर देते. एवढं लक्षात ठेवा की वेगवान प्रवाहात होडीचं नाक वरच्या बाजूला वळवून ती तिरकी चालवावी लागते, आणि वेग बदलला की हे वळणही बदलतं. दोन फेऱ्यांत तोंडाची दिशा फार बदलली असेल तर लोखंडाची चूकही थोडी बदललेली असेल. हेडिंगचा (यंत्राच्या तोंडाच्या दिशेचा) आलेख शेजारी उघडून बघा.

नदीवर असतानाच करायची चाचणी

फाइल वाचून जे कळतं त्याहून पक्का पुरावा चाचणीतून मिळतो. चाचणी न करता परतलेल्या पथकाची फाइल घेऊन नंतर डोकं फोडण्यापेक्षा ती दहा मिनिटं नदीवर दिलेली परवडतात.

स्थिर चाचणी सर्वांत विश्वासाची. होडी नांगरून किंवा पुलावरून दोराने धरून एका जागी ठेवायची आणि किमान ५ मिनिटं नोंद घ्यायची. होडी हलत नसताना बॉटम ट्रॅक तिला प्रवाहाच्या वर सरकताना दाखवत असेल तर तळ सरकतोय. यात होकायंत्राच्या अचूकपणाची गरज नाही, म्हणून लोखंडाचं सोंग इथे चालत नाही. जागा मात्र नीट निवडा. जिथे तळ सरकण्याची शक्यता सर्वांत जास्त, म्हणजे सहसा जिथे वेग सर्वांत जास्त, तिथे. काठाजवळच्या शांत पाण्यात होडी धरणं सोपं म्हणून तिथे चाचणी घेतली तर ती 'तळ स्थिर' असंच सांगणार.

लूप चाचणीत होडी एका खुणेपासून निघते, पलीकडच्या काठापर्यंत जाते आणि न थांबता त्याच खुणेवर परत येते. सगळं किमान ३ मिनिटांचं, आणि वेग जाताना-येताना सारखा. तळ स्थिर असेल तर बॉटम ट्रॅकचा मार्ग जिथून सुरू झाला तिथेच बंद होतो. समजा ३०० सेकंदांच्या लूपमध्ये शेवट सुरुवातीच्या १८ मीटर वर दिसला. १८ भागिले ३००, म्हणजे तळाचा सरासरी वेग सेकंदाला ०.०६ मीटर. पाण्याचा सरासरी वेग १.५ मीटर असेल तर हे प्रमाण ४ टक्के झालं. क्यूरेव्हची लूपसाठीची कसोटी अशी: तळाचा वेग ०.०१२ मीटर प्रति सेकंदापेक्षा जास्त आणि पाण्याच्या वेगाच्या १ टक्क्यापेक्षा जास्त, तर तळ सरकता धरायचा. इथे दोन्ही अटी पूर्ण होतात.

लूपला होकायंत्र लागतं, पण कसं लागतं ते नीट समजून घ्यायला हवं. विचलन चुकलेलं असेल तर अख्खा लूप फिरतो, तरीही तो बंद होतोच, चाचणी खराब होत नाही. दिशेनुसार बदलणारी चूक असेल तर मात्र लूप उघडा राहतो आणि सरकत्या तळाचा आभास तयार होतो. त्याची एक निर्विवाद खूण आहे: लूपचा शेवट प्रवाहाच्या खालच्या बाजूला येतो. वाळू प्रवाहाविरुद्ध सरकत नाही. असा लूप दिसला की तो बाजूला ठेवा आणि होकायंत्राचं कॅलिब्रेशन पुन्हा करा.

ते कॅलिब्रेशन यंत्र ज्या होडीवर, ज्या इंजिनासह, ज्या सामानासह मोजणी करणार त्याच मांडणीत करायचं. गेस्ट हाउसच्या अंगणात नाही, जीपच्या बॉनेटशेजारी नाही. होडी सावकाश पूर्ण गोल फिरवायची, पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे झुकवत. चूक १ अंशाच्या आत आली तर चांगलं. पुलावरून दोराने होडी ओढत मोजणी करत असाल तर पुलातली सळईही होकायंत्राला खेचते. दोर लांब सोडा, होडी पुलापासून दूर जाईल तितकं बरं, आणि आकाशही मोकळं मिळतं.

होडीच्या वेगाबद्दल एक हिशेब करून बघा. होकायंत्र २ अंश चुकलंय आणि होडी सेकंदाला १.५ मीटरने चालली आहे. १.५ गुणिले २ अंशांची ज्या (साइन), म्हणजे ०.०५२ मीटरची चूक पाण्याच्या वेगात शिरते. पाणी १.५ मीटरने वाहत असेल तर साडेतीन टक्के. हीच होडी ०.५ मीटरने नेली तर चूक ०.०१७ मीटर, जेमतेम १ टक्का. जीपीएस संदर्भ वापरायचा असेल तर होडी हळू चालवा, पाण्याच्या वेगापेक्षा कधीच जास्त नको. त्या साडेतीन टक्क्यांची तुलना वरच्या ४ टक्क्यांशी करा: सरकता तळ आणि घाईत चालवलेली होडी विसर्गावर जवळपास सारखाच ठसा उमटवतात. आकडा बघून कारण ओळखता येत नाही, खुणाच बघाव्या लागतात, ते यामुळेच.

जीजीए आणि व्हीटीजी आपसांत भांडत असतील तर

मग होकायंत्राला दोष देऊ नका. दोघांनाही तेच होकायंत्र लागतं, त्याची चूक दोघांत सारखी उतरते. फरक जीपीएसमध्ये आहे.

जीजीएसाठी दुरुस्ती मिळालेली जागा लागते. क्यूरेव्हमध्ये गुणवत्तेचा आकडा बघा: १ म्हणजे दुरुस्तीविना, २ म्हणजे दुरुस्तीसह, ४ आणि ५ म्हणजे आरटीके (जमिनीवरच्या स्थानकाच्या मदतीने केलेली फार अचूक दुरुस्ती). आपल्याकडे रिसीव्हरला गगन या भारतीय उपग्रह प्रणालीची दुरुस्ती मिळत असेल तर सहसा २ दिसतो. फेरीच्या मध्येच २ वरून १ वर घसरण झाली की जागा अचानक उडी मारते आणि वेगाचा आलेख काट्यासारखा वर जातो. पुलाखाली, झाडांच्या ओळीजवळ आणि उंच दरडीशेजारी हे हमखास होतं. नोंदवलेल्या उंचीतही त्याच क्षणी उडी दिसते, ती चांगली खूण आहे. व्हीटीजीला दुरुस्ती लागत नाही, पण होडी अगदी संथ चालली की त्याची दिशा भरकटते. काठाजवळ, जिथे होडी जवळपास थांबलेली असते, तिथे व्हीटीजीवर विसंबू नये.

अँटेना यंत्राच्या बरोबर वर हवी. होडीच्या शेपटाला बांधली आणि होडी वळली की अँटेना आणि यंत्र वेगवेगळ्या वेगाने जातात, आणि त्या वळणाचा वेग पाण्याच्या नावावर जमा होतो.

एक सूचना सेटिंगबद्दल. कॉम्पोझिट ट्रॅक्सचा पर्याय निदान होईपर्यंत बंद ठेवा. तो सुरू असेल तर जिथे बॉटम ट्रॅक हरवतो तिथे क्यूरेव्ह जीपीएसचा वेग भरतं. तळ सरकत असताना एकाच फेरीत दोन संदर्भांची सरमिसळ होते आणि वरच्या सगळ्या खुणा पुसट होतात. गढूळ पुरात बॉटम ट्रॅक वरचेवर हरवतो, उंच वारंवारतेचा ध्वनी गाळात लवकर विरतो म्हणून. अशा नदीसाठी १,२०० पेक्षा ६०० किलोहर्ट्झचं यंत्र बरं.

निदान झालं, आता करायचं काय

तळ सरकतोय हे चाचणीने सिद्ध झालं आणि जीपीएस व होकायंत्र दोन्ही निरोगी आहेत, तर संदर्भ जीजीए किंवा व्हीटीजी घ्या. बॉटम ट्रॅक सोडून द्या.

तळ सरकतोय पण जीपीएस नाही किंवा त्यावर भरवसा नाही, तर बॉटम ट्रॅक ठेवा आणि चाचणीवरून दुरुस्ती करा. लूपची दुरुस्ती सोपी आहे: तळाचा वेग गुणिले प्रवाहाला लंब छेदाचं क्षेत्रफळ. ०.०६ गुणिले ९०० चौरस मीटर म्हणजे ५४ क्युमेक. १,३५० मध्ये मिळवले की १,४०४. सुरुवातीच्या उदाहरणात जीजीएने हाच आकडा दिला होता. होकायंत्र निरोगी असेल आणि दोन्ही वाटांनी एकच आकडा आला की निर्धास्त व्हावं. प्रत्यक्षात इतकं नेमकं जुळणार नाही, पण ते एक-दोन टक्क्यांच्या आत आले तर निदान बरोबर आहे. क्यूरेव्ह ही दुरुस्ती स्वतः करतं, फक्त चाचणीची फाइल लोड झाली आहे आणि ती दुरुस्तीसाठी निवडलेली आहे एवढं बघा. चाचणीच नसेल तर ते पान लाल होतं. लाल पान घेऊन अहवाल पाठवू नका.

तळ स्थिर आणि होकायंत्र बिघडलेलं, तर बॉटम ट्रॅकच घ्या. सह्याद्रीच्या पायथ्याला, खडकाळ आणि दगडगोट्यांच्या पात्रात बहुतेक वेळा हेच योग्य ठरेल. वैनगंगा किंवा तापीसारख्या वाळूच्या पात्रात उलट तयारीने जा. पण नदीच्या नावावरून निर्णय घेऊ नका, चाचणी घ्याच. एकाच नदीत गेज (पाण्याची पातळी) ३ मीटरला असताना तळ स्थिर असतो आणि ८ मीटरला सरकायला लागतो.

व्हीएमटीच्या नकाशात हीच चूक वेगळी दिसते

विसर्ग हाती आला की पुष्कळजण तीच फाइल व्हेलॉसिटी मॅपिंग टूलबॉक्समध्ये (व्हीएमटी) घालतात. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने काही विद्यापीठांच्या संशोधकांसह तयार केलेली ही मॅटलॅबवरची प्रणाली आहे, २०१३ मध्ये तिच्यावरचा शोधनिबंध आला. अनेक फेऱ्या एका सरासरी छेदावर आणून त्यांची सरासरी काढणं, छेदातला मुख्य आणि दुय्यम (मुख्य प्रवाहाला आडवा) प्रवाह दाखवणं, वरून दिसणारे वेगाचे बाण नकाशावर मांडणं, ही तिची कामं. नदीच्या वळणावर काठ का खचतो हे समजावून सांगायला याहून चांगलं चित्र माझ्या पाहण्यात नाही.

पण इथे एक सापळा आहे. विसर्गासाठी बॉटम ट्रॅक घेतला म्हणून होकायंत्राची चूक माफ झाली होती, नकाशात ती माफ होत नाही. विसर्गाला बाणांची दिशा लागत नव्हती, नकाशा तर दिशेचाच आहे. १.५ मीटर वेगाच्या प्रवाहात २ अंशांची चूक सेकंदाला ५ सेंटिमीटरचा खोटा आडवा प्रवाह तयार करते. वळणावरचे खरे दुय्यम प्रवाहही कित्येकदा एवढेच असतात. म्हणजे चित्रात दिसणारं भोवऱ्याचं वळण नदीचं की इंजिनाचं हे सांगता येत नाही.

दुय्यम प्रवाह काढताना छेदातला एकूण आडवा विसर्ग शून्य व्हावा असा पर्याय व्हीएमटीत आहे. तो निवडला की छेद त्या हिशेबाने वळवला जातो आणि सगळीकडे सारखी असलेली दिशेची चूक छेदाच्या चित्रातून नाहीशी होते. चित्र स्वच्छ दिसतं, म्हणून फसू नका. वरून दिसणाऱ्या नकाशात ती चूक तशीच असते. सरळ पात्रात सगळे बाण एकाच काठाकडे झुकलेले दिसले तर विचार करा: एवढं पाणी काठात शिरून जातं कुठे? फेऱ्या वेगवेगळ्या उघडा, जाण्याच्या आणि येण्याच्या. जाताना बाण डावीकडे आणि येताना उजवीकडे झुकत असतील तर लोखंडाची चूक. दोन्हींत एकाच बाजूला झुकत असतील तर विचलनाची. विचलनाची चूक मूळ फाइलमध्ये दुरुस्त करून पुन्हा निर्यात करता येते. लोखंडाची चूक नंतर निस्तरणं फार कठीण, आणि सरासरी घेऊन ती झाकणं मला मान्य नाही. असा संच दुय्यम प्रवाहाच्या अभ्यासातून वगळावा. विसर्गासाठी तो अजूनही चांगला असू शकतो.

जुन्या फाइली

कित्येक कचेऱ्यांत अशा मोजण्या पडून आहेत ज्यांच्यासोबत ना लूप आहे ना स्थिर चाचणी. त्या टाकाऊ नाहीत. जीपीएस जोडलेलं असेल तर दिशेनुसार तक्ता आणि जीसी उणे बीसीचा आकडा आजही काढता येतो. काठाजवळच्या संथ पाण्याचा तुकडा वेगळा तपासा. तिथे तळ सरकायची शक्यता कमी, म्हणून तिथला दोन मार्गांमधला कोन बहुतांशी होकायंत्राचाच असतो. मधल्या वेगवान भागातला कोन त्याहून बराच मोठा असेल तर वरचा वाटा सरकत्या तळाचा धरायला आधार मिळतो. फेरीच्या सुरुवातीला किंवा शेवटी काठाच्या नोंदीसाठी होडी थांबलेली असते, ते स्पंदही बघा, मात्र ते संथ पाण्यातले आहेत हे विसरू नका.

ज्या फाइलींना जीपीएसही नाही त्यांचा विसर्ग 'याहून कमी नाही' असा वाचावा. त्याच गेजला नंतर चाचणीसह मोजणी झाली असेल आणि तेव्हा तळ सरकत असल्याचं दिसलं असेल, तर जुन्या आकड्यासमोर तसा शेरा लिहा. आकडा बदलू नका. संदर्भ कोणता घेतला, का घेतला, चाचणीचा निकाल काय आणि होकायंत्राचं कॅलिब्रेशन कधी झालं, या चार गोष्टी यापुढच्या प्रत्येक मोजणीच्या शेऱ्यात असाव्यात. क्यूरेव्हमध्ये टिपणीची सोय आहे, ती फाइलसोबतच राहते, वेगळ्या वहीत लिहून वही हरवत नाही.

अजून कुणी अडलं असेल तर मदत मागताना स्क्रीनचा फोटो पाठवू नका, त्यातून काही कळत नाही. विनरिव्हरची एमएमटी फाइल आणि तिच्यासोबतच्या सगळ्या पीडी-झिरो (कच्च्या नोंदींच्या) फाइली, किंवा सोनटेक कंपनीचं यंत्र असेल तर मॅट फाइली, चाचण्यांसकट एकाच फोल्डरमध्ये द्या. होडी कशाची होती, इंजिन यंत्रापासून किती लांब होतं, आणि मोजणी पुलाजवळ होती का, एवढं दोन ओळींत लिहा.